जर्मनीहून म्हशीची व्यवस्था

भूमजवळच्या ईट गावच्या गजराबाई बासष्टाव्या वर्षी जर्मनीला गेल्या, त्या लेकीच्या बाळंतपणासाठी. मोनिका तिकडं स्टुटगार्टला एका दवाखान्यात नर्स आहे. मुक्काम तीन महिन्यांचा ठरला. मागं घरी राहिले नवरा बिराप्पा आणि चंद्री नावाची म्हैस.

फोनची सोय होती, पण उपयोग नव्हता. बिराप्पांना ऐकू कमी यायचं आणि ते कबूल करायचं नसायचं. पोचल्या दिवशी गजराबाईंनी विचारलं, "चंद्रीला पाणी पाजलं का?"

"व्हय, व्हय."

"का तशीच बांधून ठिवलीय?"

"व्हय, व्हय."

गजराबाईंनी फोन ठेवला आणि लेकीकडं कागद मागितला.

लिहायला त्या पन्नाशीत शिकल्या होत्या, गावातल्या प्रौढांच्या वर्गात. अक्षर हरभऱ्याएवढं, एका पानावर सात-आठ ओळी. मोनिका कागदाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवायची. बिराप्पा सातवी शिकलेले. अंगणात चष्मा लावून ते मोठ्यानं वाचायचे, त्यामुळं शेजारच्या गौराबाईंनाही सगळं पाठ होई.

पहिलं पत्र असं होतं: "मोनिकाच्या वडलांस. म्या नीट पोचले. हितं भाईर बरफ हाय आन् घरात उकडतंय. पीठ आठवड्यापुरतंच दळून आणा, न्हायतर किडं हुतील. गॅसची दुसरी टाकी न्हाणीमागं हाय. ती गौराबाईच्या मल्लिनाथला बसवायला सांगा, तुमी हात लावू नका."

आठवडाभर बरं चाललं. मग चंद्रीनं पान्हा सोडायचंच बंद केलं. बिराप्पांनी जर्मनीला फोन लावला, "म्हैस दूध देईना!" असं ओरडले आणि उत्तर न ऐकताच बंद केला. उत्तर कागदावर आलं.

"तिला माझी सवय हाय. माझं हिरवं लुगडं पेटीत वरच हाय. ते अंगावर घेऊन धारंला बसा. तुमच्या आवाजात बोलू नका. बारीक आवाज काढून म्हणा, आले गं बाई, आले."

बिराप्पांनी 'लुगडं'पर्यंत मोठ्यानं वाचलं आणि पुढचं मनात. पण गौराबाईंना तेवढं पुरे होतं.

दोन दिवस बिराप्पांनी पेंड वाढवून पाहिली, गूळ चारला. चंद्रीनं गूळ खाल्ला आणि बादलीला लाथ मारली. रोज दूध जायचं त्या खव्याच्या भट्टीवरून विचारणा सुरू झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी बिराप्पांनी गोठ्याचं दार लावलं, मिशीपर्यंत पदर ओढला आणि म्हणाले, "आले गं बाई, आले."

चंद्रीनं मान वळवून लुगडं हुंगलं. बघता बघता अर्धी बादली भरली. बिराप्पांना इतका आनंद झाला, की ते तसेच बाहेर आले. समोर गौराबाई उभ्या.

"काय गजराबाई, कवा आलात जर्मनीवरनं?"

ऐकू आलं नाही असं बिराप्पांनी दाखवलं. खरं तर नेमकं हेच स्वच्छ ऐकू आलं होतं.

तिकडं नातू झाला. मोनिका म्हणाली, आई, अजून महिनाभर राहा. गजराबाईंनी तसं लिहिलं आणि पुढं विचारलं, "तुमचं कसं?" बिराप्पांनी पेन घेतलं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली होती, पण बायकोला पत्र हे पहिलंच.

"गजरास. काळजी करू नको. चंद्री रोज साडेचार लिटर देती. भाकरी मला जमती, गौराबाई कालवण देत्यात. माझं झ्याक भागतंय. तू निवांत राहा."

गजराबाईंनी ते तीनदा वाचलं आणि त्यांचं तोंड उतरलं.

"झ्याक भागतंय म्हंजी काय?"

"अगं आई, तू घोर करू नयेस म्हणून लिहिलंय त्यांनी."

"साडेचार? माझ्या हाताला कवा चारच्या वर गेली न्हाय ती! तिकीट हाय त्याच तारखंचं राहू दे."

आणि त्या ठरल्या दिवशीच परतल्या. भूमच्या स्टँडवर बिराप्पा दोन तास आधीपासून उभे होते. गाडीतून उतरताच गजराबाईंनी पहिलं तेच काढलं. अगदी त्यांच्या कानाशी जाऊन विचारलं, "खरंच साडेचार देती?"

बिराप्पा घुटमळले. "तीनच देती. तुझ्या जिवाला लागू नये म्हणून लिवलं."

"मला वाटलंच!" गजराबाई खुशीत म्हणाल्या आणि जड पिशवी त्यांच्या हातात दिली.