फ्रान्सच्या कालव्याकाठी मी सायकल चालवणारच!

आज आमच्या केलीव्हिलमध्ये पॉटलक जेवणाला सगळ्यांनी मला वेड्यात काढलं.

आमचा ग्रुप युरोपला निघालाय. बसमधून सात देश आणि रोज रात्री वरणभात. मी म्हटलं, मी नाही येत. मी फ्रान्समध्ये कालव्याकाठच्या रस्त्याने सायकल चालवणार. तिथे गाड्याच नसतात.

"या वयात?" नवरा सगळ्यांसमोर हसला.

लेक म्हणाली, "मम, यू कान्ट इव्हन टर्न!"

खरंय. गेल्या समरमध्ये शिकले, अजून वळवता येत नाही. पण कालव्याकाठी वळायचंय कशाला? सरळच तर जायचंय!

"आणि पाण्यात पडलीस तर?" पुन्हा नवरा.

"मला पोहता येतं. तुला येत नाही."

घरी येऊन तिकीट काढलं. एकच.

बायांनो, कोण येतंय सोबत? सायकल वळवता नाही आली तरी चालेल.