धरसोड साडभाऊ

आमच्या साडभाऊला, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या नवऱ्याला, उंद्रीपासून मेहकरपर्यंत सगळे 'धरसोड' म्हणत. घेतलेलं काम अर्ध्यात टाकून दुसऱ्याला हात घालणारा तो धरसोड. हे नाव मीच ठेवलं होतं, आणि चुकीचं ठेवलं नव्हतं.

त्यानं कोंबड्या पाळल्या, त्या मोठ्या व्हायच्या आत विकल्या. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायला शिकला, सोडलं. भजनात पेटी घेतली, तर एकाच अभंगाची चाल यायची, तीही अर्धी. मी म्हणायचो, "एक काही धर बे." तो हसायचा. "भाऊ, धरून पाह्यल्याबिगर सोडा लागते हे कसं समजन?"

मी दुसरीपर्यंतच शिकलो, पण जन्मभर एकच पीक केलं, कांद्याचं बी. कांद्याला डोंगळा येतो, म्हणजे फुलांचा गोंडा, त्यात बी भरतं. एका साली डोंगळे पांढरेशुभ्र फुलले आणि मधमाश्या फिरकल्याच नाहीत. माशी नाही तर बी नाही. वर्षाची मेहनत वाया जाताना दिसत होती. बायको म्हणाली, "त्याहीले इचारा." मी म्हणालो, "धरसोडाले काय इचाराचं?" तिनं विचारलंच.

तो दव सुकल्यावर आला आणि डोंगळ्यांवरून तळहात हलकेच फिरवत ओळीनं चालू लागला. या फुलाची धूळ त्या फुलाला.

"हे कुठं शिकला रे?"

"पिंपळगाव राजाले एकाच्या वावरात होतो ना आठ दिवस. मंग सोडून देल्लं."

दोन-तीन सकाळी आला, मग गायब. मधमाश्यांची पेटी आणायला गेला म्हणे. मला हसू आलं. पण मी हट्टी माणूस. फुलं वाळेपर्यंत आम्ही नवरा-बायको रोज हात फिरवत राहिलो. बी काळंभोर, टपोरं भरलं.

तो मूठभर बी हातात घेऊन म्हणाला, "मी धरलं अन् तुमी सोडलं नाई. म्हणून जमलं, भाऊ."

तो गेला त्याला दोन पावसाळे झाले. आजारपणही त्यानं फार दिवस धरलं नाही. त्यानं आणलेली ती मधमाश्यांची पेटी त्याच्या छपरात रिकामी पडली होती. मी ती आणून शेताच्या धुऱ्यावर, बांधावर ठेवली. यंदा तिच्यात माश्या बसल्या.

सून म्हणाली, "बाबा, या वयात हे काय नवीन? तुमीबी धरसोड झाले काय?"

"हाव, झालो," मी म्हणालो. "पण पेटी काई मी सोडत नाई."