अश्विनच्या नवसाचा वाटा

शकुंतलाबाईंच्या घरून कोणी रिकाम्या पिशवीनं गेल्याचं रोहणा गावात कोणाला आठवत नाही. पाहुणा ‘आता काही देऊ नका’ म्हणाला, की त्या गप्प बसत. त्यांचं ते गप्प बसणंच धोक्याचं. पाहुणा आर्वीच्या बसमध्ये तिकिटाच्या पैशांसाठी पिशवीत हात घाली, आणि हाताला वांगी लागत. एकदा लेकीला पाहायला आलेल्या मंडळींच्या बॅगेत त्यांनी जवसाच्या तेलाची बाटली सरकवली. ती वाटेतच सांडली आणि मुलाच्या बापाचं धोतर तेलात भिजलं. ती सोयरीक काही जुळली नाही. “झाकण म्या पक्कं लावलंतं,” एवढंच त्यांचं म्हणणं.

वासुदेवरावांना या सवयीपुढे लग्न झाल्यापासून हात टेकावे लागले होते. ते शिस्तीचे. पेरताना कपाशीची ओळ वाकडी गेली तरी त्यांना दिवसभर चैन पडत नसे. अशा माणसाच्या नशिबी, कोणत्या पिशवीत काय निघेल याचा भरवसा नसलेला संसार आला.

यंदा नातू अश्विन शिकायला ऑस्ट्रेलियाला निघाला. पहिल्या खेपेला त्याचा व्हिसा नाकारला गेला होता. तेव्हा शकुंतलाबाईंनी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, बसलेल्या मरीमायला बकऱ्याचा नवस बोलला. दुसऱ्या खेपेला व्हिसा आला, आणि आखाडात बकरा पडला. त्यांच्या घरचा नेम असा, की ज्याच्या नावाचा नवस, त्यानं त्यातला एक घास तरी खायचाच. नाहीतर नवस फिटत नाही. नेमका त्या दिवशी अश्विन कागदपत्रांसाठी मुंबईत अडकला. शकुंतलाबाईंनी त्याचा वाटा तेलात चांगला खरपूस परतून बरणीत भरला. पोरगा परत आला तोवर श्रावण लागला होता. श्रावणात या घरात अंडंसुद्धा येत नाही. बरणी गुरांच्या कोठ्यात, ढेपेच्या पोत्यामागे गेली. वासुदेवराव ती विसरूनही गेले.

त्यांच्या डोक्यात दुसरंच होतं. नागपूरच्या ज्या माणसानं अश्विनचे कागद केले, त्यानं बजावलं होतं, “मांस, बियाणं, दुधाचे पदार्थ नेऊ नका. नेलेच तर तिथं उतरताना भरायच्या कार्डावर खरं लिहा. ‘नाही’ लिहिलं आणि सापडलं, तर व्हिसा रद्द करून परतही पाठवू शकतात.” वासुदेवरावांनी हे घरात रोज जेवताना ऐकवलं. निघायच्या दिवशी बॅगा भरताना ते स्वतः खुर्ची टाकून बसले आणि शेवटी म्हणाले, “मटण-बिटण नाई ना कशात?”

सारं घर हसलं. सून जया म्हणाली, “मामाजी, श्रावणात?”

वासुदेवरावही हसले. तिथंच चुकलं. श्रावणात रोहण्यात या प्रश्नाला दुसरं उत्तर असूच शकत नाही, असं त्यांनीही धरलं. मग सगळे मारुतीच्या पाया पडायला गेले. शकुंतलाबाई तेवढ्या गुडघे दुखतात म्हणून घरी राहिल्या. संध्याकाळी मुलगा मुकेश अश्विनला घेऊन मुंबईला निघाला.

तिसऱ्या दिवशी दुपारी वासुदेवराव दोर घ्यायला कोठ्यात गेले. भिंतीवर ती बरणी धुऊन पालथी घातलेली दिसली. ते दोर न घेताच स्वयंपाकघराच्या दारात आले.

“शकुंतला, बरणीतलं कुठं गेलं?”

“कोन्ती बरणी?”

“कोठ्यातली.”

“आता मले काय म्हाईत? मांजरानं खाल्लं असंन.”

“अन् मांजरानं बरणी घासून पालथी घातली काय?”

शकुंतलाबाई पिठाचा गोळा मळतच राहिल्या. वासुदेवराव उंबरा ओलांडून आत आले.

“कोन्त्या बॅगेत टाकलं?”

“आधी सांगा, थ्याले एक घास खायले सांगान काय?”

“अवं, तिकडं पोराचा व्हिसा जाऊन राह्यला, अन् तू घास घेऊन बसली!”

“नवसानं आला थो व्हिसा! घास नाई खाल्ला तं तसाबी जाईन.”

वासुदेवरावांनी डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. शेवटी जया पुढे झाली. “आई, सांगा ना जी. माह्या लेकराचा सवाल आहे.”

तेव्हा कुठे शकुंतलाबाई हळूच म्हणाल्या, “कुकरमंधी हाय. मोठ्या बॅगेत.”

अश्विनचा ‘सिंगापूरला पोचलो’ असा निरोप सकाळीच आला होता. पुढचं विमान सुटायच्या आत त्याला गाठणं भाग होतं. घरात फोनला धड रेंज नाही, म्हणून तिघंही गच्चीवर चढली. दुखऱ्या गुडघ्यांच्या शकुंतलाबाई सगळ्यांत पुढे. जयानं फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्या खेपेला पडद्यावर अश्विनचं झोपाळलेलं तोंड दिसलं.

“बावा, नीट आयक,” वासुदेवराव ओरडले. “तुह्या कुकरमंधी मटण हाय.”

“काय आबाजी, श्रावणात?”

“अरे, श्रावणाचं सोड रे बावा! तुह्या आजीनं टाकलं!”

पोराची झोप खाडकन उतरली. “आजी! अवं, बॅग आता मले थेट तिकडंच भेटते. मी काढू कसा?”

“काढू नको, खाय,” मागून शकुंतलाबाई म्हणाल्या. “बॅग भेटली का एकच घास खाऊन घेजो.”

“तू गप बस!” वासुदेवराव म्हणाले. “अश्विन, कार्डावर ‘हो’ लिहिजो. विचारन त्याले खरं सांगजो. आपून होऊन सांगजो. समजलं?”

“हाव, आबाजी.” आणि फोन बंद पडला.

त्या दिवशी वासुदेवराव बायकोशी बोलले नाहीत. चहा समोर आला तर प्यायले, पण तिच्याकडे पाठ करून. शकुंतलाबाईही जेवल्या नाहीत. वासुदेवरावांना आधी वाटलं, पस्तावा झाला असेल. मग त्यांनी शकुंतलाबाईंना जयाला विचारताना ऐकलं, “तिकडं बॅग भेटते तिथं बसायले जागा असते काय वं?” आणि त्यांनी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वासुदेवराव अंगणात दूध काढत असताना फोन आला.

“सुटलो, आबाजी,” अश्विन म्हणाला. “विमानतळावर कस्टमवाले कुत्रा घेऊन फिरत होते. मी सांगायच्या आधीच थो बॅगेपाशी येऊन बसला. साहेबानं कार्ड पाह्यलं, ‘हो’ लिहिलेलं. कुकर उघडला, मटण काढून घेतलं. म्हणाला, खरं लिहिलं म्हणून सोडतो, नाहीतर भारी पडलं असतं.”

वासुदेवराव दुधाची बादली खाली ठेवून बाजेवर बसले. जया पदरानं डोळे पुसायला लागली. शकुंतलाबाईंनी फोन ओढून घेतला.

“कुत्र्याले बंद कुकरातून वास आला?”

“हाव, आजी.”

“मंग मसाला बराबर पडलाता. तू खाल्लं काय?”

“खाऊ कसा? हातच लावू देल्ला नाई. जाळून टाकतात म्हणे.”

शकुंतलाबाईंचा चेहरा उतरला. फोन त्यांनी जयाच्या हाती दिला आणि त्या आत गेल्या. वासुदेवरावांनी रात्रभर एक भाषण जुळवून ठेवलं होतं. चांगलं लांब, जवसाच्या तेलापासून सुरू होणारं. ते ऐकवायला वासुदेवराव उठले, तर शकुंतलाबाई पायात चपला घालून दारात उभ्या.

“कुठं?”

“मरीमायले सांगून येतो. तिचं अर्धवट राह्यलं.”

“धुऱ्यापावतर चिखल हाय. पडशीन.”

“पडीन तं पडीन.”

वासुदेवराव चरफडत छत्री घेऊन मागोमाग निघाले. चिखलात दोनदा पाय त्यांचाच घसरला आणि त्यांनी शकुंतलाबाईंचा हात धरला. दोन्ही वेळा त्या म्हणाल्या, “हळू चाला ना जी.” धुऱ्यावर शेंदूर फासलेल्या दगडापुढे शकुंतलाबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि शेजारणीशी बोलावं तशा बोलल्या, “माय, पोट्टं खायले तयार होतं. म्या पाठवलंबी होतं. पोलिसाईनं हिसकून घेऊन जाळलं. पोट्ट्यावर राग धरू नको. अग्नीच्या तोंडी गेलं, थ्याच्याच नावानं गेलं. फिटलं समज.”

“पोलीस नाई,” वासुदेवराव मागून म्हणाले. “कस्टमवाले.”

“तिले काय समजते कस्टम!”

“मंग खोटं सांगशीन काय तिले?”

शकुंतलाबाईंनी वळून त्यांच्याकडे पाहिलं, मग पुन्हा दगडाकडे. “कस्टमवाल्याईनं नेलं, माय,” त्या म्हणाल्या. “हे सोबत आले हायेत, ह्याइलेच इचार.”