आमच्या पक्षाची चौथी पट्टी

डोंगर राखायला काढलेला आमचा पक्ष पेडण्यात माझ्या बलकांवात बसतो, घरापुढच्या सोप्यात हो. जागा माझी, चहा माझा, आणि पक्षाचा कापडी फलक शिवला तोही मीच. त्यावर खाली अध्यक्षाचं नाव. अध्यक्ष बदलला की नवी पट्टी जुनीवरच शिवते. तीन झाल्या. सुई आता आत जात नाही.

पहिले अध्यक्ष निवृत्त मास्तर. विधानसभेला दोनदा उभे राहिले, दोनदा अनामत गेली. लोक तोंडावर सांगत, "मास्तर, माणूस तू बरो, पण मत फुकट कित्याक घालवू?" दमले बिचारे, लेकीकडे राहायला गेले. दुसरा बोलका. पंचायतीत निवडून आला, आम्ही फटाके लावले, आणि वर्ष भरायच्या आत तो मोठ्या पक्षात.

म्हणून तिसऱ्याला थेट देवळात नेलं. नारळ ठेवला, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ह्यो दुसऱ्या पक्षात गेलो तर तू बघून घे." आम्ही सगळे म्हणालो, "व्हय म्हाराजा!" तोही निवडून आला. मग एके दिवशी त्याची बायको मोठ्या पक्षात गेली, आणि हा तिच्या प्रचाराला गाडी घेऊन हजर.

मी विचारलं तर म्हणतो, "काकी, मी खंय गेलो? बायल गेली. गाऱ्हाण्यात तिचं नाव घेतलं होतं?"

नव्हतं घेतलं. गुरवाला विचारलं तर तो म्हणाला, "तुम्ही सांगितलंत तेवढंच मी घातलं."

त्याला पक्षातून काढलं. आता राहिलो सात जण. घरामागचा डोंगर कापताहेत. त्याच्या पायथ्याची झर माझ्या पोफळींना पाणी देते. यंदा ती गढूळ येते, आणि बारीक. हरकतीचा कागद सोमवारी द्यायचा, पक्षातर्फे, अध्यक्षाच्या सहीने. आणि अध्यक्षच नाही.

"काकी, तूच हो," शेजारीण म्हणाली.

"माझे गुडघे बघितलेस?"

"गुडघ्यांनी सही करायची नाही गे."

सगळे हसले. मला खरं तर फलक घडी करून पेटाऱ्यात टाकायचा होता. शिवाय माझा थोरला डिचोलीला असतो. खाणी बंद पडल्यावर त्याचा ट्रक नुसता उभा होता. आता तो ह्याच डोंगराची माती ओढतो. काम बंद पडलं तर त्याच्या घरात काय शिजणार, हे मला ठाऊक. पण झर आटली तर इथे काय उरणार, तेही ठाऊक. दोन दिवस झरीवर जाऊन नुसती बसले. मग हो म्हटलं.

रविवारी पुन्हा देऊळ. थोरल्याला मीच बोलावलं होतं. ह्या खेपेला गाऱ्हाणं मी सांगितलं: मी, माझे मुलगे, सुना, नातवंडं, कोणी डोंगराची बाजू सोडणार नाही.

"मांजर राहिलं काकी," गुरव म्हणाला.

"घाल तेही."

त्याने घातलं. सगळे म्हणाले, "व्हय म्हाराजा!" माझ्या थोरल्याचा आवाज जत्रेतही मला ओळखता येतो. तो त्यात नव्हता. खांबाजवळ उभा राहून पायाकडे बघत होता.

जाताना म्हणाला, "आई, येतो."

"जेवून जा रे."

"नको. ट्रक भरून उभा आहे."

घरी येऊन कागदावर सही केली. मग जुन्या तिन्ही पट्ट्या उसवल्या आणि माझी शिवायला बसले. दोरा ओवता येईना. शेजारणीला हाक मारली.