प्लेटा तुमच्याकडे

थर्माकोलच्या प्लेटांचा गठ्ठा दिसला की मला आजही मळमळतं. दुकानदाराला वाटतं बाईला ऊन लागलं, तो बिचारा पाणी पुढे करतो. त्याला काय सांगणार? त्या प्लेटा एकमेकींवर घासल्या की जो करकर आवाज होतो ना, तो माझ्या अख्ख्या लहानपणाचा आवाज आहे.

आम्ही जवाहरनगरला क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा फॅक्टरीत होते. आमच्या लाईनीतली घरं म्हणे एकाच कुटुंबासारखी होती. एकतीस डिसेंबर असो, कोजागिरी असो, कोणाची बदली असो, सगळं मिळून करायचं. कोणी मसालेभात आणायचं, कोणी कढी, कोणी गुलाबजाम. आणि आमच्याकडे प्लेटा. दरवेळी, न चुकता, प्लेटा आणि गिलास. फारच जीव लावला तर केळी, कारण केळं सोलून खातात.

कोणी कधी तोंडानं काही बोललं नाही, हीच तर त्यातली घाण होती. "तुम्हाला कशाला त्रास, वहिनी?" असं इतकं लाडानं म्हणायचे की ऐकणाऱ्याला वाटावं, केवढं ते प्रेम. आमच्या बैठकीत बुद्धाची मूर्ती होती. तिच्यासमोर सोफ्यावर बसायला कोणाची ना नव्हती. फक्त चहा नको असायचा. कोणाचा आत्ताच झालेला असायचा, कोणाचा उपवास. एका बाईंची ॲसिडिटी मी बालवाडीत होते तेव्हापासून मी कॉलेजात जाईपर्यंत टिकली. आणि ही ॲसिडिटी शेजारच्या घरात जाऊन भजी खायची.

आई मात्र हसत हसत बाजारात जायची आणि प्लेटा घेऊन यायची. तिला कळत नाही असंच मला वाटायचं, आणि तिचीही चीड यायची. माझी आई आंबागडच्या पलीकडची, जंगलाला लागून असलेल्या एका लहानशा गावातली. कॉलनीत इतकी वर्षं काढली तरी तिची बोली काही बदलली नाही. भोळी आहे, असं सगळे म्हणायचे, मीही म्हणायचे.

त्या वर्षी उन्हाळ्यात सगळ्या लाईनीनं मिळून कुठेतरी धबधब्यावर जायचं ठरलं. मीटिंगा व्हायच्या कोपऱ्यातल्या क्वार्टरच्या काकूंच्या अंगणात. या काकू म्हणजे आमच्या लाईनीच्या मुख्यमंत्री. संध्याकाळी अंगणात पाणी मारायचं, खुर्च्या टाकायच्या आणि सेफ्टीपिननं दात कोरत कोरत काकूंनी सगळ्यांना कामं वाटायची. दातातून निघालेलं त्या आधी पिनेच्या टोकावर बघायच्या, मगच पुढचं वाक्य बोलायच्या. काका शेजारी खर्रा चघळत बसायचे आणि मधूनमधून मेंदीच्या कुंपणात पिचकारी टाकायचे. त्या कुंपणाची पानं एका बाजूनं कायमची तांबडी झाली होती. तिथं बसून ही माणसं स्वच्छतेच्या गोष्टी करायची. पाणी उकळून न्यायचं का, संडासचं काय, बायकांनी कपडे कुठे बदलायचे.

आधी जायचं कुठे यावरच दोन संध्याकाळी गेल्या. काका म्हणाले, हाजरा फॉल तर गोंदियात गेला, जिल्हा तोडला तेव्हा चांगलं चांगलं सगळं त्यांनी नेलं, आपल्याकडे उरलं काय? जसा काही धबधबा कोणी ट्रकमध्ये भरून नेला होता. त्यावर पुन्हा पेट्रोल, अंतर, लेकरांना गाडी लागते, असं सगळं दळण झालं. तेव्हा आई बोलली. मीटिंगमध्ये ती सहसा बोलायची नाही. ती म्हणाली की तिच्या गावाकडे डोंगरात दोन डोह आहेत, एक वरचा आणि एक खालचा. वरच्यावर धबधबा पडतो, पण मे महिन्यात तिथं बोटाएवढी धार राहते नाही तर तीही नाही. खालचा मात्र कधी आटत नाही. गावापासून तासाभराची पायवाट आहे, सावली आहे, पाणी थंडगार.

सगळ्यांचे चेहरे उजळले. एकदम आई सगळ्यांची लाडकी झाली. वहिनी, तुम्ही इतकी वर्षं बोलल्या कशा नाहीत? वहिनी, तुम्हीच आमच्या गाईड.

मग जेवण काय, तर काका म्हणाले, पानगे. आपल्याकडे विदर्भात रानात जेवण म्हटलं की पानगेच. जाडसर कणीक घट्ट मळायची, तिचे जाड गोळे थापायचे, पळसाच्या पानात गुंडाळून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे. वर तूप, सोबत वांग्याची भाजी. आईचे पानगे म्हणजे, काय सांगू, भाजून फोडले की आतून वाफ निघायची आणि कुठे कच्चं पीठ सापडायचं नाही. आमच्या घराबाहेर ते कोणी खाल्ले नव्हते. आईनं लगेच सांगून टाकलं की पीठ ती मळेल. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मला अजून दिसतो. तिला वाटलं असावं, गाव आपलं, वाट आपली, आता कोणत्या तोंडानं नाही म्हणतील? तिला एवढंच पाहिजे होतं. एकदा तिच्या हातचं या लोकांनी खावं.

काकूंनी पिनेचं टोक बघितलं. मग अगदी गोड हसल्या. "गाईडनं कुठे काम करायचं असतं का, वहिनी? पीठ मी मळीन. माझी पितळेची परात आहे मोठी. तुम्ही आपल्या प्लेटा आणा."

माझं डोकं फिरलं. मी उठून काहीतरी बोलणार, तेवढ्यात आईनं माझा हात दाबला आणि मान डोलावून ती "हाव" म्हणाली. एवढंच. पुढची अर्धी मीटिंग गोवऱ्यांवर झाली. गोवऱ्या आणि पळसाची पानं आईच्या भावानं, म्हणजे माझ्या मामानं, डोहापर्यंत पोचवायची असं ठरलं. मामाच्या घरच्या शेणाच्या गोवऱ्या यांना चालत होत्या. त्या मामीनं हातानंच थापलेल्या असणार हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. शेण चालतं, कणीक चालत नाही. शी.

घरी आल्यावर मी आईशी भांडले. तू जाऊच नको म्हटलं, यांना वाट दाखवायची काही गरज नाही, पडू देत कुठल्या तरी खड्ड्यात. बाबा नेहमीप्रमाणे म्हणाले, जाऊ दे, यांच्यातच राहायचं आहे. दुसऱ्या दिवशी आई बाजारात जाऊन प्लेटा घेऊन आली, नेहमीपेक्षा जरा महाग, चंदेरी कागदाच्या. त्या बघून मला रडू आलं.

ठरलेल्या दिवशी पहाटेच मिनीबस निघाली. बाबांची ड्यूटी होती, त्यामुळे आम्ही दोघीच. वाटेत आंधळगावला वांगी आणि मिरच्या घेतल्या. काकांनी खिडकीतून सारख्या पिचकाऱ्या टाकल्या, मागच्या सीटवर मी बसले होते, मला सगळा प्रसाद मिळाला. गावात मामा वाट बघत होता. डोक्यावर गोवऱ्यांची पाटी घेऊन तो पुढे, त्याच्यामागे आई, तिच्यामागे आमची वरात. काकूंची परात मामाच्याच खांद्याला बांधून दिली होती. ती वाहायला मात्र तो यांना चालला.

वरचा डोह आधी लागला. नुसते दगड आणि सुकलेलं शेवाळ. काका म्हणाले, हा काय धबधबा? आई खाली उतरत गेली. आणखी थोडं चाललो आणि खालचा डोह दिसला तेव्हा सगळ्यांची तोंडं बंद झाली. काळंशार पाणी, भोवती जांभळाची झाडं, एका कडेला सपाट खडक. लेकरांनी तर कपड्यांसकट उड्या मारल्या. मग पुरुष उतरले, मग बायका गाऊन घालून. काकू गळ्याएवढ्या पाण्यात बसून "स्वर्ग आहे हो, वहिनी" म्हणत होत्या. काकांनी तोंडातला खर्रा काढून त्याच पाण्यानं खळखळून चुळा भरल्या आणि त्याच पाण्यात थुंकल्या. त्यांच्यापासून चार हातांवर काकूंनी कणकेसाठी पाण्याची कळशी भरली. मी तोंड फिरवलं. बाकी कोणी फिरवलं नाही.

काकूंनी पीठ मळलं ते सैल झालं, त्यामुळे पानगे वरून करपले आणि आतून गिजगिजीत राहिले. तरी भुकेच्या तडाख्यात सगळे तुटून पडले. चंदेरी प्लेटांवर तूप वाहत होतं. आई सगळ्यांना प्लेटा वाटून झाल्यावर खडकाच्या कडेला पाण्यात पाय सोडून बसली होती. काकूंना पोहून भरपूर भूक लागली होती, मन प्रसन्न होतं, आणि आईशी चार शब्द बोलावेत असं त्यांना वाटलं. त्यांनी तोंडात घास ठेवूनच विचारलं की लहानपणी तुम्हीही इथंच यायच्या का पोहायला.

"इथंच," आई म्हणाली. "वरच्या डोहात आमाले उतरू नाई देत होते. वरचा गावाचा. हा आमच्या मोहल्ल्याचा. आंघोळ, कपडे, ढोरं धुणं, आमचं सारं इथंच होत होतं."

तिनं ते अगदी साध्या आवाजात सांगितलं, कोणी विहीर कुठे आहे ते सांगावं तसं. मामा खाली बघत निखारे सारखे करत होता. आधी कोणाच्या लक्षात आलं नाही. मग एकेक हात थांबला. काकूंचं चघळणं थांबलं, पण घास गिळवेना आणि थुंकवेना, गाल फुगलेलाच राहिला. त्यांनी एकदा डोहाकडे पाहिलं, एकदा कळशीकडे, एकदा स्वतःच्या ओल्या केसांची टोकं पिळली. शेवटी तोंडावर रुमाल धरून झाडामागे गेल्या. परत आल्या आणि प्लेट खाली ठेवली. अचानक कोणालाच भूक नव्हती. ॲसिडिटीवाल्या बाईंना ॲसिडिटी झाली. त्यांच्या नवऱ्यानं लेकराच्या हातातला पानगा काढून घेतला आणि ते लेकरू भोकाड पसरून रडायला लागलं. काकांच्या थुंकीचं पाणी चाललं होतं यांना. माझ्या आईनं लहानपणी मारलेल्या बुड्या चालल्या नाहीत. मला त्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघवेना, इतकी किळस आली.

आई उठली. ओल्या पायांनी चालत काकूंच्या समोर येऊन बसली आणि त्यांची प्लेट उचलून पुन्हा त्यांच्यापुढे सरकवली. पानग्यावर काकूंच्या दातांची खूण होती.

"खा ना वो ताई," ती म्हणाली. "पीठ तुमीच मळलं. माहा हात नाई लागला त्याले."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. पहिल्या प्लेटेपासून माहीत होतं. मी कॉलेजात शिकणारी मोठी शहाणी, आणि इतकी वर्षं माझ्या आईला भोळी समजत होते.

काकूंनी खाल्लं नाही. पिशवीत थोडं पीठ उरलं होतं. आईनं ते काकूंच्या परातीत ओतलं, बांगड्या वर सारल्या, डोहाचं पाणी घेतलं आणि सगळ्यांसमोर मळायला बसली. कोणाची तिला अडवायची हिंमत झाली नाही. तिनं घट्ट गोळे थापले, पानात गुंडाळले, निखाऱ्यात ठेवले. आम्ही तिघांनी, मी, मामा आणि ती, ते पळसाच्या पानावर घेऊन पोटभर खाल्ले. एकही कच्चा निघाला नाही. बाकीचे तोवर पाठ फिरवून सामान आवरत होते. आम्ही खाऊन झाल्यावर आई लुगड्याचा काचा मारून डोहात उतरली आणि या काठापासून त्या काठापर्यंत पोहून आली. तिला पोहताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

निघताना मामानं परात घासून, धुऊन काकूंच्या पुढे धरली. काकूंनी हात मागे घेतला. म्हणाल्या, राहू द्या आता, वहिनींनाच द्या, त्यांच्या कामी येईल. मामा परात धरून तसाच उभा राहिला. आईनं त्याच्या हातातून ती घेतली आणि काखेत मारून वाटेला लागली.

परात आता आमच्याकडे आहे. जाड, जुन्या पितळेची आहे, मळताना जागची हलत नाही. आई कणीक तिच्यातच मळते, आणि आल्यागेल्याला कौतुकानं दाखवते. परात घरात येऊन इतकी वर्षं झाली, पण मी अजून तिला हात लावलेला नाही.