फ्रीजमधला नवसाचा वाटा

बर्फ झालेलं मटण एकदा सुटून मऊ पडलं, तर ते पुन्हा बर्फात ठेवून खायचं की नाही, हे मला अजून नीट कळलेलं नाही. सांगणाऱ्यांनी सांगितलं, मी मान हलवली. डोक्यातला गोंधळ आहे तिथंच आहे.

झालं असं. आमच्या म्हाताऱ्याचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, आतड्याचं ऑपरेशन झालं. भांडगावला दिलेली माझी लेक नवस बोलली, की बाप चालत घरी आला तर बोकड देईन. म्हातारा गाडीतून उतरून आपल्या पायानं ओसरी चढला. लेकीनं बोकड दिला, तिकडची भावकी जेवली. आमच्यात रीत अशी, की ज्याच्यासाठी नवस, त्यानं त्यातला घास खाल्ला पाहिजे, तेव्हाच नवस फिटतो. म्हणून बापाचा वाटा तिनं पिशवीत बांधून, बर्फाच्या डब्यात घालून इकडं कवठ्याला पाठवला. पण डॉक्टरांनी म्हाताऱ्याला मटण बंद केलेलं. आतले टाके भरेपर्यंत पेज आणि मुगाचं पाणी. आता करायचं काय?

सून म्हणाली, "आत्याबाई, फ्रीजरला टाका. आबांना डॉक्टरनी हो म्हटलं की शिजवू. काय होत न्हाई."

ती रांजणगावच्या कंपनीत जाते. तिला यंत्रातलं कळतं, म्हणून मी ऐकलं. मला बर्फाचं काही कळत नाही. माझ्या बापाची मेंढरं होती. कापलं तर त्या दिवशी खायचं. उरलं तर पट्ट्या काढून मीठ-हळद चोळायची आणि दोरीवर उन्हात कडक वाळवायच्या. त्या टिकतात का, ते मला समजतं. पाणी गेलं, की नासायला काही उरत नाही. बर्फात तसं नाही. पाणी आतच असतं, नुसता दगड झालेला असतो. त्या दगडाचा भरवसा कसा धरायचा?

पुढं म्हाताऱ्याला डॉक्टरांनी थोडं थोडं खायला परवानगी दिली. लेकीचा लगेच फोन. "आई, उद्याच शिजीव. देवाचं लय दिस अडकून ऱ्हायलंय." मी फ्रीजर उघडला. पिशवी तळाला चिकटलेली. ओढली तर खाली तांबड्या बर्फाचा पापुद्रा पसरलेला. मी ठेवताना पिशवी कोरडी होती. शेजारी नातीच्या गारीगारच्या कांड्या उभ्या करून ठेवल्या होत्या. त्या आडव्या होऊन वाकड्या गोठलेल्या. मटण मात्र कडक. ठोकलं तर टणटण वाजेल असं.

रक्ताचं पाणी खाली उतरलं, म्हणजे ते कधीतरी सुटलं होतं. आणि पुन्हा गोठलं. लाईट गेली म्हणावी, तर एवढी कधी गेली?

सून कामावरून आल्यावर तिला दाखवलं. तिनं मोबाईलमध्ये बघितलं आणि म्हणाली, "एकदा सुटलेलं परत गोठवायचं न्हाई, असं सांगत्यात."

"मग तू चिकनचा गोळा काढतीस, निम्मा करतीस, निम्मा परत वर ठिवतीस, ते?"

"ते फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सुटलेलं असतंय. ते चालतंय."

"सुटलं ते सुटलं. वरच्या मजल्यावर काय आन् खालच्या मजल्यावर काय."

"आत्याबाई, तुम्हाला सांगायचं म्हंजी..." असं म्हणून ती भाकरी थापायला गेली.

म्हातारा खाटेवरून ऐकत होता. महिनाभर पेज पिऊन त्याचं तोंड विटलं होतं. तो म्हणाला, "शिजवलं की समदं मरतंय. उकळ्या येऊ दे चांगल्या. देवाचं हाय, काय हुतंय?"

मलाही तसंच वाटत होतं. तरी आतड्याचं काम होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची जखम बघायला दवाखान्यातली सिस्टर आली, तिला विचारलं. ती म्हणाली, "आजी, थंडीतल्या थंडीत सुटलं असंल, फ्रीज चालू असंल, तर परत गोठवलेलं चालतं. चव जाते थोडी. अजून आत बर्फाचे कण असले तरी चालतं. पण उबेत तासनतास पडलं असंल, तर न्हाई. गोठल्यानं जंतू मरत न्हाईत, झोपत्यात. ऊब लागली की परत वाढत्यात. आन् त्यांनी एकदा घाण करून ठिवली, तर शिजवूनबी ती समदी जाईलच असं न्हाई."

"वासावरनं कळंल का?"

"न्हाई. वास न येता बी खराब असतंय."

म्हणजे सगळं एकाच गोष्टीवर आलं. ते थंडीत सुटलं की उबेत, आणि किती वेळ. आणि तेवढंच ते मटण सांगत नव्हतं. मी पिशवी दोन वेळा नाकाला लावली. थंडीशिवाय काही लागलं नाही. टाकावं तर नवसाचं. खावं तर नुकतं शिवलेलं आतडं. मी कधी एका बाजूला झुकत होते, कधी दुसऱ्या.

दुपारी जेवायच्या आधी मी म्हाताऱ्यापुढं बसले. फ्रीज त्याच्या खाटेला लागून, मधल्या खोलीत.

"अवो, फ्रीज कुणी बंद केला हुता का?"

"कोण करतंय?"

"मी कांद्याच्या रानात असते, पोरगं कामावर, सून कंपनीत, नात शाळंत. घरात तुम्हीच."

"मी कशाला हात लावू? मला उठवतंय कुठं?"

लघवीला उठून परसात जायला त्याला उठवत होतं. पण मी ते बोलले नाही.

"बरं. मग शिजवते. रस्सा जास्तीच टाकते. नातीलाबी घालते, देवाचा परसाद हाय."

म्हाताऱ्यानं माझ्याकडं बघितलं. मग भिंतीकडं. "पोरीला नको."

"का? देवाचं हाय, काय हुतंय?"

"नको म्हनलं न्हवं!"

"किती वेळ बंद केला हुता?"

"आगं, लय घरघरतंय ते. डोळा लागंना. तू रानात गेली की बटन दाबायचो. फाटक वाजलं की परत चालू."

"कवा?"

"रोजच."

रोज. म्हणजे इतके दिवस ते मटण दुपारभर सुटत होतं आणि रात्रभर गोठत होतं. फ्रीजमधलं दूध नासत होतं आणि मी उन्हाला शिव्या घालत होते. आणि हा माणूस आपल्याच पोटात ते घालायला तयार होता, फक्त पोरीला नको. आपल्यापुरतं खरं लपवायचं आणि पोरीपुरतं सांगायचं, हे कसलं शहाणपण ते मला कळलं नाही.

लिंबाखाली खोल खड्डा घेतला. मटण पुरलं. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर धोंडा ठेवला. मग लेकीला फोन लावला.

"खाल्लं का आबांनी?"

"न्हाई. पुरलं."

"आई! नवसाचं हुतं ते! देवाला काय सांगू आता?"

"तुझ्या बापालाच इचार." मी फोन त्याच्या हातात दिला.

तो बराच वेळ नुसता हं, हं करत होता. मग म्हणाला, "आगं, पन लय घरघरतंय ते."

लेकीनं तिच्या सासूला विचारलं. सासू म्हणाली, कोंबडा कापू, आबांनी इथं देवापुढं बसून ताजा घास घ्यावा. पोरानं सुट्टी काढून बापाला गाडीत बसवलं आणि भांडगावला नेलं. म्हाताऱ्यानं तिथं दोन घास खाल्ले आणि तिसऱ्याला हात पुढं केला, तो लेकीनं धरला. पोटाला काही झालं नाही. बोकडाचा नवस कोंबड्यानं फिटला का, हे मी कुणाकुणाला विचारलं. कुणी हो म्हणालं, कुणी म्हणालं देवालाच विचार.

फ्रीज आता स्वयंपाकघरात आहे. परवा सुनेनं चिकन आणून वर टाकलं. मी सकाळी फ्रीजर उघडून पिशवी उचलली आणि खालून हात फिरवला.

"आता काय बघताय, आत्याबाई?"

"तळाला काय साचलंय का, बघते."