चंचीतलं काडतूस

माणिक गेल्याचा निरोप घेऊन झरीहून त्याचा मुलगा आला, तेव्हा मी नुकताच ताटावर बसलो होतो. त्याला आता महिना होईल...

निजामाच्या शेवटच्या वर्षांतली गोष्ट. आम्ही दोघं बाविशीतले, शेताला शेत लागून. दिवस बुडता बुडता मी वडिलांच्या बंदुकीनं रानडुकरावर बार टाकला. घाई नडली. गोळी पोटात लागली आणि मी रिकामं काडतूस काढून दुसरं भरेपर्यंत डुक्कर किंचाळत ज्वारीत घुसलं. आमच्याकडची रीत अशी, की ज्यानं घायाळ केलं त्यानंच संपवायचं, तोवर भाकरीला हात लावायचा नाही. सरकारचा कायदा नेमका उलटा. दिवस बुडाल्यावर शिकार बंद. अंधारात जखमी जनावराचा माग काढणं हीसुद्धा शिकारच, आणि गुन्हेगार तो, ज्याचा पहिला वार. माझी पाचावर धारण बसली. "सकाळी बघू," मी म्हणालो.

"सकाळी बाया काढणीला येत्यात. एकादीला फाडलं म्हंजे?" माणिक खाली वाकला. मला वाटलं, वहाण सारखी करतोय. मग त्यानं भाला आणि कंदील उचलला. मी पुरावा नको म्हणून बंदूक घरी ठेवून लाजेकाजेस्तव मागं गेलो.

डुक्कर समोरूनच आलं. माणिकची मांडी गुडघ्यापासून वर उसवली. मी नुसता ओरडत राहिलो. त्यानं पडल्या पडल्या भाला घातला, नेमका माझ्या गोळीच्या भोकात, आणि फिरवला... पुन्हा फिरवला. मला वाटलं, रागानं फिरवतोय.

माझ्या ओरडण्यानं चौकीदार आला. सकाळी चावडीवर जंगलच्या दारोगानं विचारलं, "पहला वार किसका?"

"माजाच. भाल्याचा."

"अंधेरे में ढूंढना बी शिकारच है!"

बारा कोरडे. चौथ्यालाच बांधलेली मांडी फुटली, रक्त धोतरातून मातीत उतरलं. त्यानं गर्दीत माझ्याकडे बघून मान हलवली, बोलू नको म्हणून. मी कसला बोलतोय!

तो जन्मभर लंगडला. "पंचांगाच्या आदी माजी मांडी पाऊस सांगती," म्हणून हसायचा. मला त्याच्या चांगुलपणाचा रागच यायचा. एकदा तरी शिवी द्यायची होतीस, गड्या.

परवा मुलगा पुन्हा आला, माणिकची चंची घेऊन. सुपारीच्या कप्प्यात माझं रिकामं काडतूस. "बाबा म्हनले, काकाचं हाय, देऊन टाक." तो वाकला होता तो यासाठी. आणि भाला फिरवला तो गोळीची खूण मिटवायला.

ते आता समोर ठेवून हे पेपरासाठी लिहितोय. सूनबाई दोनदा जेवायला बोलावून गेली. पहिला वार माझा होता, माणिक. एवढं छापून येऊ दे, मग जेवतो.